सौ. चालत नाही

मी म्युझिक लाइनमधे आहे, असं मी चंदीगडातल्या दिसेल त्या मराठी माणसाला सांगून ठेवलं होतं. मंडळाच्या गणपतीत मोदक वळता वळता सांगायचो, आरतीला टाळ्या वाजवता वाजवता सांगायचो. कुणी विचारलं की कोणतं वाद्य वाजवता, तर म्हणायचो, कॉम्प्युटर. लोक मान डोलवायचे आणि मी तिथनं सटकायचो, कारण आणखी एक प्रश्न आला असता तर माझी लाइन तिथंच तुटली असती.

खरं म्हंजे मी स्वयंपाकी. सातवी नापास. साताऱ्याकडच्या एका फौजी साहेबाबरोबर इथं चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत आलो. साहेबांची बदली झाली तेव्हा मेमसाब म्हणाल्या, "ह्याला नको न्यायला, हा मीठ विसरतो." ते गेले, मी राहिलो. मग इंडस्ट्रियल एरियात नळाच्या तोट्यांच्या शोरूमवर एक गाण्याची कंपनी होती, तिथं चहा करायला लागलो. कंपनी म्हंजे दोन-तीन खोल्या आणि एक सरदारजी मालक. लोक गाणी गाऊन जायचे, मालक ती ऑनलाइन चढवून द्यायचा, म्हंजे जगात कुठंही फोनवर ऐकू येतील अशी. हे चढवायचं काम जो करायचा तो कॅनडाला गेला. त्याच्या जागी आलेलाही कॅनडाला गेला. तेव्हा मालकानं माझ्या हातातली किटली काढून घेतली आणि मला खुर्चीवर बसवलं. "तुझे कोई मुल्क वीजा नहीं देगा," म्हणाला. "तू बैठ."

गाणं चढवणं म्हंजे मुलगी दाखवण्यासारखंच आहे. पलीकडं तपासणारे बसलेले असतात, कुठं बसलेत ते कुणाला ठाऊक नाही. फोटो चौकोनी लागतो. फोटोवर फोन नंबर चालत नाही, बंदूक चालत नाही, दुसऱ्याचा शिक्का चालत नाही. आणि पंजाबातला गवई तर फोटोवर आधी नंबर टाकतो, जागा उरली तर तोंड. गाणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं नाव नीट लागतं, नावाच्या जागी फक्त नाव. जरा काही खटकलं की गाणं परत. सोबत इंग्रजीत दोन ओळी येतात, का परत केलं त्याच्या. मला त्या वाचता येत नाहीत, म्हणून माझा फोन मला वाचून दाखवतो, बाईच्या गोड आवाजात आणि हिंदी करून. माझी बायको इकडचीच, तिनं एकदा ते बाहेरनं ऐकलं. आत येऊन म्हणाली, "कौन है ये, जो तुझे दिन भर मना करती है? समझदार लगती है."

पहिल्याच आठवड्यात मी एका गाण्याचं नाव 'फायनल फायनल पक्का' असं चढवलं. फाइलवर तेच लिहिलेलं होतं, मला वाटलं हल्ली असलीच नावं असतात. ते एका दमात पास झालं. अजून कुठंतरी वाजत असेल.

तर बाई आल्या त्या माझ्या गणपतीतल्या फुशारकीमुळं. रिटायर कर्नलची बायको, सत्तरीच्या आसपासची, कडक कांजीची सुती साडी, कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. जिना चढून आल्या, कुणी बसा म्हणायच्या आत बसल्या आणि मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तूच ना तो, मोदकाला कळ्या पाडता येत नाहीत तो?"

"व्हय बाई."

"आणि म्युझिक लाइनमधे आहेस."

"व्हय बाई."

"दोन्हीकडं सारखाच असशील. असू दे. मराठी कळतं तेवढं बास आहे मला."

मग त्यांनी काम सांगितलं, बाजारातनं काय आणायचं ते सांगावं तसं. "माझा नवरा खाटेवर आहे. अर्धं अंग गेलंय, वाचा गेलीय. कान शाबूत आहेत, डॉक्टरकडनं खात्री करून घेतलीय मी. मला माझं गाणं त्याला ऐकवायचंय."

मी म्हटलं, "मग घरी बसून म्हणा की बाई. त्याला कंपनी कशाला?"

"माझ्या तोंडचं त्यानं कधी ऐकलं नाही. लग्न झालं तेव्हा मी रेडिओवर गायला जाणार होते. तो मेसमधे चारचौघांत म्हणाला, हिचं गाणं म्हंजे कुकर, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. सगळे हसले. घरी येऊन मी रडले तर म्हणाला, आधी कुणाकडनं तरी पास करून आण, मग ऐकतो." बाईंनी माझ्या कॉम्प्युटरकडं बघितलं. "तुम्ही पास करून आणता म्हणे."

"प्रयत्न करतो," मी म्हटलं.

"प्रयत्न तुझ्या थोबाडावर दिसतोयच. तो आहे तोवर झालं पाहिजे."

आता इथं गप्प बसायचं असतं. पण देवानं मला जीभ दिली आणि तिची वेसण द्यायला विसरला. मी म्हटलं, "आणि समजा साहेब आधी गेले, तरी गाणं कुठं पळतंय बाई?"

"मेलेल्याला शिव्या कोणीही देतं," बाई म्हणाल्या. "मला जिवंत पाहिजे."

शिव्या म्हणाल्या तेव्हा मला वाटलं रागात म्हणाल्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी कळलं. गाणं म्हंजे उखाणे होते. हळदीकुंकवाला बायका नवऱ्याचं नाव घेतात तसे, एकापुढं एक ओवून त्यांना चाल लावलेली. नाव मी इथं देत नाही, अमुकराव म्हणतो.

*पितळेच्या परातीत भिजवली कणीक,*
*अमुकरावांचा हात चाले, गाल माझा सैनिक.*

*माहेरची पेटी माळ्यावर चढली,*
*अमुकरावांच्या बदलीत ती वाटेतच पडली.*

आवाज म्हाताराच, पण सुरीसारखा. गाताना हात हलायचा आणि बांगड्या वाजायच्या. रेकॉर्डिंग मालक स्वतः करायचा. त्यानं काचेपलीकडनं खूण केली, "आंटीजी, चूड़ियाँ उतार दो, माइक में आ रही हैं."

"काढायच्या त्या दिवशी काढीन," बाई मराठीतच म्हणाल्या. "तोवर वाजतील."

मालकाला कळलं काहीच नाही, पण डोळ्यात पाणी आलं. मला कोपरानं ढोसून म्हणाला, "देख ओए मराठे, इस उमर में भी पति से कितना प्यार है. सीख कुछ." मी म्हटलं, "हां पाजी, बहुत प्यार है."

गाणं पहिल्यांदा परत आलं ते माझ्यामुळं. फोटोवर मी बाईंचा चेहरा लावला आणि हाताला सवय म्हणून खाली कंपनीचा फोन नंबर. सगळ्यांना सांगत फिरायचो की नंबर लावू नका, आणि लावला मीच. बाईंना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्या तोंडाखाली तुझा नंबर? तुझ्याशी पळून गेले की काय मी?"

नंबर काढून पुन्हा टाकलं. पुन्हा परत. या वेळी गोड आवाज म्हणाला, गाणाऱ्याच्या नावात उपाधी चालत नाही. मी बाईंच्या सांगण्यावरनं नावाआधी 'सौ.' लावला होता. लग्नपत्रिकेवर, मंडळाच्या पावतीवर, घराच्या पाटीवर त्यांचं नाव तसंच होतं. मी त्यांना सांगितलं, सौ. चालत नाही.

"उपाधी?" बाई म्हणाल्या. "कॉलेजात मिळते का ती?"

"मग काय हाय बाई?"

"शिक्षा आहे. पण भोगतेय ना मी? मग लिहायची." मग जरा समजावून सांगितलं, मतिमंदाला सांगतात तसं. "अरे, उखाणा कोण घेतं? जिचा नवरा आहे ती. सौ. काढलास तर ते नुसतं म्हाताऱ्या बाईचं ओरडणं होईल. तो पडल्या पडल्या म्हणेल, कोण ही, मी ओळखत नाही. त्याच्या बायकोनंच म्हटलं पाहिजे, आणि तसंच लिहिलेलं पाहिजे. टाक परत."

टाकलं. परत आलं. टिंब काढून टाकलं. परत आलं. पुरं 'सौभाग्यवती' टाकलं, तेही परत. शेवटी मालकानं स्क्रीनमधे डोकं घातलं. "ओए, ये सौ क्या है? बाकी निन्यानवे कहाँ गए?"

मी समजावलं की ज्या बाईचा नवरा जिवंत असतो तिच्या नावाआधी लावतात.

"और मर जाए तो?"

"तो हटाना पड़ता है पाजी."

"तो फिर टेन्शन क्या है?" मालक म्हणाला. "थोड़े दिन रुक जा. अपने आप पास हो जाएगा."

मी हसलो. पोट धरून हसलो. इतका हसलो की हसता हसता ते बाईंना फोनवर सांगून मोकळा झालो. म्हंजे शहाणा माणूस जे पाठीमागं पण बोलत नाही ते मी तोंडावर पोचवलं, वर मालकाच्या आवाजात पोचवलं. मी मनातल्या मनात माझी किटली शोधायला लागलो. मग बाई हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं, आणि पुन्हा ऐकू नये असं वाटलं.

"तुझा मालक तुझ्यापेक्षा हुशार आहे," त्या म्हणाल्या. "पण नाही. सौ. लाव आणि टाक."

असं चाललं होतं. त्या सकाळी फोन करायच्या, "आला का निकाल?" मी म्हणायचो, "परत आलं बाई." त्या म्हणायच्या, "तू शाळेतनं असाच घरी यायचास का रे?" खरंच असाच यायचो.

मग एका सकाळी फोन आला, पण निकाल विचारला नाही. कर्नलना मोठ्या इस्पितळात नेलं होतं आणि तिथनं परत घरी आणलं होतं. "डॉक्टर म्हणतात घरीच ठेवा, घरीच बरं," बाई म्हणाल्या. "म्हंजे कळलं ना तुला?"

"व्हय बाई."

"कान अजून आहेत. मी भांडं पाडून बघितलं, दचकतो. काढ ते सौ. जाऊ दे. नुसतं नाव टाक. पण लवकर पास कर. हात जोडते म्हटलं तर जोडते, पण कर."

बाई हात जोडतायत हे ऐकून माझं डोकं फिरलं. म्हंजे चाललं. हे माझ्या बाबतीत कायम वाईटच ठरतं. मी सौ. काढला, नाव लिहिलं, तर यंत्रानं एक प्रश्न विचारला. बाकीच्यांच्या गाण्यांना आधीही विचारायचं, पण बाईंच्या नावाला सौ. असल्यामुळं माझी गाडी तिथवर पोचायचीच नाही. प्रश्न असा, ह्या नावाचा कलाकार आमच्याकडं आधीपासून आहे, तो हाच का? मी बघतो तर खरंच, बाईंचं नाव तिथं होतंच! जसंच्या तसं, आडनावासकट. मला काय आनंद झाला. मला वाटलं, इतक्या वेळा पाठवलं त्यातनं त्यांनी नाव तरी ठेवून घेतलं असेल. बाई त्यांच्या ओळखीच्या झाल्या असतील. मी 'हाच' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पास. एक ओळ नाही, खोट नाही, काही नाही. मालकानं माझी पाठ थोपटली आणि लगेच हात पुसला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, सेक्टर सतरातनं पेढे घेतले आणि ऑटोनं बाईंच्या घरी गेलो. रस्ताभर ऑटोवाल्याला सांगत होतो की मी म्युझिक लाइनमधे आहे.

बाईंनी पैठणी नेसली होती. खोलीत इस्पितळातली असते तसली खाट, समोर भिंतीवर मोठा टीव्ही. कर्नलना उशांना टेकवून बसवलं होतं. माणूस सुकून गेलेला, पण दाढी केलेली, मिशी कातरलेली, अंगाला पावडर. तोंड एका बाजूला उतरलेलं. एकच डोळा नीट उघडा होता आणि तो माझ्याकडं असा बघत होता की माझे पाय आपोआप जुळले.

"हा आणलाय पास करणारा," बाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होता ना, आधी पास करून आण? आणलंय. आता ऐकायचं."

मी फोन टीव्हीला जोडला, नाव शोधलं, दाबलं. भिंतीवर एक पोरगी आली. विशीतली. केस तांबडे केलेले, एक खांदा उघडा, लाल गाडीच्या बॉनेटवर बसून हसतेय. खाली मोठ्या अक्षरात बाईंचं नाव.

"कोण ही?" बाई म्हणाल्या.

"बाई," मी म्हटलं, "ह्यांचंबी नाव तेच हाय."

तोवर गाणं सुरू झालेलं. पोरगी हसतेय आणि बाईंचा आवाज खोलीत भरतोय, कणीक, परात, गाल, सैनिक. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. कर्नलकडं बघत होत्या. मी पण बघितलं. त्यांचा तो एक डोळा टीव्हीवर लागला होता, त्या पोरीवर, आणि तोंडाची जी बाजू चालत होती ती हळूहळू वर गेली. माणूस हसत होता. चादरीवर बोट हलायला लागलं, ठेका धरल्यासारखं. पेटी पडली तेव्हाही बोट चालूच.

*मेसच्या लॉनवर दिव्यांची रांग,*
*अमुकराव नाचले दुसरीशी, मी जपला भांग.*

"बंद कर," बाई म्हणाल्या.

मी बंद करायला गेलो तर आवाज वाढला. दुसरीकडं दाबलं तर माझ्या फोनची गोड बाई मधेच उठली आणि त्या पोरीची माहिती मोठ्यानं वाचायला लागली, पार्टी साँग्ज, मोहाली, नवीन अल्बम. कर्नलच्या घशातनं काहीतरी घरघरलं. ते हसणंच होतं. शेवटी मी भिंतीतलं बटणच बंद केलं, पोरगी गेली, खोलीत फक्त पंखा.

"असाच बघायचा," बाई म्हणाल्या. मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही. "मी ह्याच्या शेजारी बसून रडत असले तरी असाच, पलीकडं."

मी म्हटलं, "बाई, चूक माझी. मी आजच लिहितो त्यांना, वेगळं करा म्हणून. थोडे दिवस लागत्याल..."

"गप बस."

त्यांनी स्टूल ओढलं आणि खाटेच्या आणि टीव्हीच्या मधे मांडलं, कर्नलच्या अगदी समोर. पैठणी सावरून बसल्या. त्यांच्या हनुवटीला हात लावून चेहरा आपल्याकडं वळवला, फोटो काढताना पोराचा वळवतात तसा. आणि पहिल्यापासून गायला लागल्या. माइक नाही, काच नाही. इतक्या जवळनं की त्यांच्या श्वासानं कर्नलची मिशी हलत होती. कर्नलचं हसू हळूहळू उतरलं. ते तोंड वळवायला बघत होते, पण बाईंचा हात हनुवटीखाली होता.

मग तो डोळा मिटला. उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. मला वाटलं काहीतरी होतंय. मी पुढं झालो. "बाई, साहेब डोळा मिटतायत. सारखं मिटतायत."

"माहीत आहे," बाई दोन उखाण्यांच्या मधे म्हणाल्या. "लघवीचं भांडं मागतोय."

खाटेखाली भांडं होतं. माझ्या पायापाशीच होतं. मी त्याच्याकडं बघितलं, बाईंनी माझ्याकडं बघितलं, आणि मी जागचा हललो नाही. बाई पुढचा उखाणा म्हणायला लागल्या. त्यानंतरचा. एकही गाळला नाही, चाल एवढीशीही पळवली नाही. डोळा मिटत होता, उघडत होता, आणि मग मिटायचा थांबला. नुसता बाईंवर राहिला.

*तुळशीपुढं दिवा, दिव्यात वात,*
*अमुकराव पडले खाटेवर, आता माझा हात.*

संपलं. टाळी वाजवावी की काय असं एक क्षण माझ्या मनात आलं, एवढा मी मूर्ख. चादरीचा रंग मांडीपासून बदलत चालला होता आणि वास यायला लागला होता.

बाई उठल्या. पदर कमरेला खोचला, बादली आणली, गरम पाण्यात हात घालून बघितला, कपाटातनं धुतलेली चादर काढली. मला म्हणाल्या, "तिकडनं धर. पाठीखाली हात घाल. असं नाही रे, कणकेचा गोळा उचलतोयस का?" मी धरलं. कर्नल काहीच वजनाचे नव्हते. बाईंनी त्यांना पुसलं, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत, कोरडं केलं, पावडर लावली, नवी चादर ताणून घातली की एक सुरकुती नाही. हे सगळं रोजचं असल्यासारखं. कर्नल छताकडं बघत होते. त्यांच्या उघड्या डोळ्यातनं पाणी कानाकडं गेलं, ते पण बाईंनी त्याच फडक्यानं पुसलं.

मग हात धुऊन त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या. पेढ्यांचा पुडा मी उचलून परत हातात घेतला होता. तो घेतला नाही, त्याच्याकडं बघितलं पण नाही.

"त्या पोरीच्या अंगणातनं मला बाहेर काढ," म्हणाल्या. "आणि सौ. लावून परत टाक."

"नाही घेणार ते बाई. तुम्हांला माहीतच हाय."

"नाही घेतलं तर परत टाक. आता घाई नाही."